केशाळी

१

त्या घरात माणसं तीन होती, पण तिघांच्या डोक्यांवरचे केस गोळा केले तरी एक धड वेणी झाली नसती. बाबांच्या टाळूवर कित्येक वर्षांपासून लख्ख उजेड होता. थोरलीने जंगलातल्या जळवांना आणि काट्याकुट्यांना वैतागून केस कानापर्यंत कापून टाकले होते, तेही आता निम्मे पांढरे. आणि धाकटीचे इस्पितळात सरसकट काढावे लागले होते. त्यांचे आत्ता कुठे खुंट वर येत होते. म्हणून त्या सकाळी बाबांचा चहा ठेवायला वाकलेल्या थोरलीला त्यांच्या वेताच्या खुर्चीच्या हातावर एक लांब, काळाभोर केस दिसला, तेव्हा ती थबकली.

"काय बघतेस? मिशी फुटली का खुर्चीला?" बाबा म्हणाले. त्यांचा रेडिओ बातम्या सांगत होता आणि बाबा नेहमीप्रमाणे त्याच्याशी वाद घालत होते.

"केस आहे कुणाचातरी."

"माझा असेल. शोधून दे, लावून घेतो."

थोरली हसली, पण तिची नजर हलली नाही. तो केस पडलेला नव्हता. पडलेला केस वळतो, वेटोळं घालतो, कशाला तरी चिकटून लोंबतो. या केसाचं एक टोक खुर्चीच्या हाताला होतं, दुसरं खिडकीच्या गजाला, आणि मधल्या हातभर अंतरात तो वाळत घालायच्या दोरीसारखा ताणून बसला होता.

तेवढ्यात धाकटीच्या सपाता वाजत आल्या. चटचट, चटचट. ती स्वयंपाकघरातून आली, खोलीला एक फेरी मारली, पंख्याचं बटण दाबलं आणि बाबांच्या काखेत हात घालून म्हणाली, "बाबा, उठा. चहा अंगणात घेऊ."

"अगं, आत्ता तर बसलोय!"

"उठा ना."

बाबा कुरकुरत उठले. उठताना टक् असा आवाज झाला, मग आणखी एकदा टक्. "गुडघे," बाबा म्हणाले. "रोज सकाळी सलामी देतात."

ते बाहेर गेल्यावर थोरलीने पाहिलं, तर केस तुटून गजाला लोंबत होता. तिने तो चिमट्याने उचलला आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवला. असं काही दिसलं की आधी डबीत घालायचं ही तिची जुनी खोड होती, आणि घरात निम्म्या काडेपेट्यांमध्ये काड्या नसायच्या त्या तिच्यामुळेच.

२

थोरलीला संशोधन केंद्रात सगळे अळंबीबाई म्हणायचे. केंद्र जंगलाच्या कडेला होतं, राहायची घरं त्याच्या मागे, आणि त्यांतलं शेवटचं घर हिचं. जंगलातल्या अळंब्या, भूछत्रं, बुरश्या गोळा करायच्या, वाळवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, ओळख पटवून कपाटात ठेवायच्या, यात तिचं आयुष्य गेलं होतं आणि तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. शहरातून विद्यार्थी आले की ती त्यांना एक ठरलेलं वाक्य ऐकवायची. "या जंगलात नियम एकच. थांबलात की संपलात." मग ती त्यांना सकाळी पडलेलं फळ आणि परवा पडलेलं फळ दाखवायची. परवाच्या फळाची फक्त सावली उरलेली असायची. विद्यार्थी हसायचे आणि पाय झटकायचे.

धाकटी या अळंब्यांची चित्रं काढायची. फोटोत रंग खोटे येतात, म्हणून केंद्राला चित्रकार लागायचा, आणि धाकटीसारखा दुसरा मिळाला नसता. आई गेली तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. लग्नाचा विषय निघाला की थोरली म्हणायची, मला एक मुलगी आहे, तेवढी पुरे. या मुलीचं घरातलं नाव होतं दगडोबा. कारण चित्र काढायला बसली की ती दगड व्हायची. एकदा तिच्या खांद्यावर पक्षी येऊन बसला, शिटला आणि उडून गेला, तरी हिची रेघ हलली नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यात ती एका पडलेल्या झाडापाशी चित्र काढायला बसली. बाकीचे ओढ्यापलीकडे गेले. परत आले तेव्हा पाट होता, रंग होते, धाकटी नव्हती. कित्येक दिवस शोध चालला. थोरलीने अन्न सोडलं होतं, आणि लोक तिच्यासमोर धाकटीबद्दल 'होती' म्हणायला लागले होते. मग ती सापडली. एका झाडाभोवती चालत होती. पाचोळा तुडवला जाऊन तिथे मातीची गोल वाट पडली होती, चांगली घोट्याएवढी खोल, आणि तिच्या तळपायांकडे बघवत नव्हतं. तिला धरून थांबवलं, तेव्हा ती किंचाळली.

घरी आल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. जेवायची उभ्याने. बोलायची येरझारा घालत. झोपायचीसुद्धा बसल्या बसल्या, चहा निवेल एवढाच वेळ, की लगेच दचकून उठायची. स्वतः फिरायची ते फिरायची, घरालाही फिरवत ठेवायची. पंखे चालू, खिडक्या उघड्या, बाबांची खुर्ची दर थोड्या वेळाने इकडून तिकडे. सगळे म्हणाले, धक्का बसलाय, होईल बरी. थोरली मान डोलवायची. पण कधी कधी चटचट, चटचट ऐकत ती पडून राहायची आणि तिला रडू यायचं. आपली दगडोबा जंगलातच राहिली आणि ही कुणी भलतीच आली, असं तिच्या मनात येऊन जायचं, आणि मग ती स्वतःलाच शिव्या घालायची.

३

काडेपेटीतला केस तिने दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. घरातली मागची लहान खोली हीच तिची प्रयोगशाळा होती. माणसाच्या केसावर खवले दिसतात. याच्यावर नव्हते. आत एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांचा जुडगा होता, बाहेरून काळी साल, आणि टोकाशी चिकट गोंदाचा थेंब.

थोरलीने भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला. मग ती मोठ्याने म्हणाली, "काखेत कळसा!"

केंद्रातले लोक त्या बुरशीला केशाळी म्हणायचे. बाकी बुरश्या जमिनीवर पडलेला पाला खातात. ही जमिनीची वाट बघत नाही. दमट रानात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, एका रोपट्यापासून दुसऱ्यापर्यंत ती काळे केस ताणते आणि हवेतच जाळं करते. वरून पान गळलं की त्यात अडकतं. केस त्याला चिकटतात, एक, दोन, दहा, आणि पान तिथेच अधांतरी राहतं. ते जमिनीला कधी लागतच नाही. महिन्याभराने बघावं तर पानाची नुसती जाळी, आणि केसांवर मसुराएवढ्या पांढऱ्या छत्र्या फुटलेल्या. थोरलीने त्यावर अर्धं आयुष्य घातलं होतं. ती केशाळी प्रयोगशाळेत कधी कुणाला वाढवता आली नव्हती. किती तऱ्हांनी, किती काचेच्या पेट्यांत प्रयत्न झाले, पण रानाबाहेर आणली की मरायची.

आणि ती इथे बाबांच्या खुर्चीला लागली होती.

कशी आली असेल, याची उत्तरं तिच्याजवळ भराभर तयार झाली. तिच्या पिशवीतून आली असेल. धाकटीच्या कपड्यांतून आली असेल. वेताच्या खुर्चीने ओल धरली असेल. सगळी उत्तरं शहाणी होती. तिने संध्याकाळी घर तपासलं तेव्हा आणखी केस सापडले. जुन्या शिवणयंत्रापासून भिंतीपर्यंत एक. अडगळीतल्या छत्रीपासून खिळ्यापर्यंत तीन. जी वस्तू बरेच दिवस हलली नव्हती तिथे तिथे होते. तिने कुणाला हात लावू दिला नाही. मग तिने एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुठल्याही घरात कुणी केली नसती. घरात जाळी दिसली की माणूस केरसुणी घेऊन धावतो. थोरलीने वारा लागून जाळी तुटू नये म्हणून दिवाणखान्यातला पंखा बंद केला.

थोड्या वेळाने पंखा फिरायला लागला.

तिने पुन्हा बंद केला. पुन्हा चालू झाला. तिसऱ्यांदा ती बटणापाशी गेली तेव्हा धाकटी तिथेच उभी होती, एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत.

"ताई, राहू दे ना."

"अगं, माझा नमुना तुटतोय. चार दिवस फक्त. किती वाढते ते बघू दे मला."

"तू बघू नकोस," धाकटी म्हणाली. "तू बघायला लागलीस की हलत नाहीस."

४

दुसऱ्या दिवशी थोरलीने खुंटीवर नवा केस पाहिला आणि त्याच्याशेजारी धाकटीने हाताने तोडलेले सहा. तिचा पारा चढला.

"तुला कळतंय का, तू काय तोडतेयस? लोक यासाठी जन्म घालवतात!"

धाकटी टेबलाभोवती फेऱ्या मारत होती. बोलली तेव्हाही थांबली नाही. "थांबलं की येतं, ताई. मी तिथे बसले होते ना, तेव्हा मला आधी वाटलं माझेच केस तोंडावर आलेत."

घरी आल्यापासून धाकटी रानाबद्दल पहिल्यांदा बोलत होती, आणि केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की ती बोलली तर मधे तोडू नका.

"मग?"

"मग मान वळवली, तर वळेना. दुखत नव्हतं. उलट बरं वाटत होतं गं, कुणीतरी धरल्यासारखं. तेच वाईट होतं." ती खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. "चालत राहिले. थांबले की यायचं, चालले की तुटायचं. आधी हळू यायचं. मग लवकर यायला लागलं."

थोरलीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. धाकटीने धरू दिला, पण हात हलवत राहिली, आणि दोघी लहान मुलींसारख्या हात झुलवत उभ्या राहिल्या.

"बाळा, ऐक. ती पाला खाते. फक्त पाला. मी तीस वर्षं बघतेय. माणसाशी तिला काही घेणंदेणं नाही."

"पालाच का खाते?"

"कारण तो मेलेला असतो."

"नाही," धाकटी म्हणाली. "कारण तो हलत नाही. मेलाय की नाही ते तिला काय कळतंय?"

यावर थोरलीजवळ उत्तर होतं. चांगलं दीड पानांचं होतं. पण ते सांगत असताना तिला जाणवलं की आपण स्वतःची समजूत घालतोय, आणि धाकटी नुसती मान हलवतेय, हो म्हणून नव्हे, तर मान हलती राहावी म्हणून.

५

डॉक्टरीणबाई केंद्राच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी धाकटीच्या पायांच्या पट्ट्या सोडून बघितल्या आणि ओठ आवळले. जखमा भरतच नव्हत्या. भरणार कशा? नाडी धावत होती, डोळे खोल गेले होते, वजन उतरलं होतं. त्यांनी थोरलीला बाजूला घेतलं.

"हिला झोप हवी. सलग. नाहीतर हृदय दगा देईल, मी तुम्हाला स्पष्ट सांगते. या गोळ्या द्या. आणि खोलीत शांतता ठेवा, हालचाल नको, आवाज नको."

"ती घ्यायला तयार नाही."

"मग न सांगता द्या. तुम्ही तिच्या आईच्या जागी आहात."

थोरली गोळ्या पदरात घेऊन घरी आली. तिच्यापुढे आता दोनच गोष्टी होत्या. एकीकडे डोळ्यांदेखत झिजत चाललेली बहीण, आणि दुसरीकडे धाकटीने रानात बघितलेली, किंवा बघितली असं तिला वाटणारी एक गोष्ट. शहाण्या माणसाला यात निवड करायला फार वेळ लागू नये. थोरलीलाही फार लागला नाही, पण वाटेत ती दोनदा उगाच थांबली आणि दोन्ही वेळा लगेच चालायला लागली.

घरी बाबा खुर्चीत होते. धाकटी दवाखान्यात गेल्यामुळे त्यांना आज कुणी उठवलं नव्हतं, आणि ते खुशीत दिसत होते.

"किती दिवसांनी निवांत बसलो," ते म्हणाले. "फक्त एक बघ गं, माझ्या सपाता कुणी सरकवल्या का? पाय पोचत नाहीत."

थोरलीने वाकून पाहिलं. सपाता जागच्या जागी होत्या. बाबांचे अंगठे त्यांच्यावर बोटभर अंतरावर लोंबत होते.

"बाबा, खुर्चीत मागे सरकून बसलात तुम्ही."

"असेल. म्हातारपणी माणूस आखडतो म्हणतात."

ते उठले, तेव्हा गुडघे खूप वेळ वाजले. टक्, टक्, टक्, टक्, ओल्या काटक्या मोडाव्या तसे. थोरलीने रेडिओचा आवाज वाढवला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात तिने गोळी दिली. वरणात विरघळवली, हलवली, आणि वाटी बहिणीच्या हातात दिली. धाकटीने ते उभ्याने पिऊन टाकलं. थोड्या वेळाने चटचट मंदावली. मग एका खोलीतून दुसरीत जायला तिला भिंतीचा आधार लागू लागला. मग तिला कळलं.

"ताई," ती जड जिभेने म्हणाली, "काय दिलंस?"

"झोप बाळा. मी आहे."

धाकटी रागावली नाही. तेच थोरलीला सहन होईना. तिने फक्त थोरलीची बाही धरली आणि म्हणाली, "पंखा लावून ठेव. पाय हलवत राहा माझे. शप्पथ घे."

"हो, हो. शप्पथ."

तिला पलंगावर निजवून थोरली तिचे पाय चोळत बसली. चांगला वेळ चोळले तिने. मग धाकटीचा श्वास संथ झाला, कपाळावरची आठी गेली, आणि कित्येक आठवड्यांनी उशीवर दगडोबाचा चेहरा दिसला. थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. आता हिला हलवायचं म्हणजे शत्रूपणा, असं तिला वाटलं. पंख्याचा वारा त्या केस काढलेल्या डोक्यावर थेट येत होता, पांघरूण फडफडत होतं, पाती करकरत होती. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवले. तिने पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली, दार लोटलं.

बाबा दिवाणखान्यात डुलक्या घेत होते. रेडिओ तिने बंद केला.

मग ती मागच्या खोलीत गेली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सकाळी छत्रीपाशी सापडलेल्या केसावर पहिली पांढरी छत्री उमलू लागली होती. अशी उमलताना ती आजवर कुणी पाहिली नव्हती. आधी एक ठिपका. मग ठिपक्याला मान. मग त्या मानेवर घडीची टोपी, इतकी हळू उलगडत की ती उलगडतेय हे उलगडून झाल्यावरच कळावं. थोरली बघत राहिली. घरात कसलाच आवाज नव्हता, आणि बरं वाटत होतं. इतकं बरं तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

७

टोपी पुरी उघडली तेव्हा भिंगाखाली अंधारून आलं होतं. खिडकीत बघावं तर दुपार उतरली होती.

थोरलीला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. सपाता वाजत नव्हत्या. पंखा करकरत नव्हता. बाबा घोरत नव्हते. आपण किती वेळ बसलो, याचा तिला अंदाज येईना. ती उठायला गेली आणि तिचे गुडघे वाजले.

टक्.

तिचे गुडघे आजवर कधी वाजले नव्हते.

ती अर्धी उठलेली तशीच राहिली, आणि मग तिला भान आलं की तसं राहायचं नाही. ती झटक्याने उभी राहिली. टक्, टक्, टक्. आवाज गुडघ्यांतून आला नाही. मानेमागून आला, कोपरापासून आला, कानाच्या पाळीपाशी आला. तिने गालावरून हात फिरवला आणि बोटांना काहीतरी बारीक, ताठ, ओलसर लागलं. तिने ते बघितलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठू नये, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. तेच ती आता स्वतःला पुटपुटत सांगत होती आणि बोळातून धावत होती.

धाकटीच्या खोलीचं दार तिने ढकललं. ते उघडलं, पण सहज नाही. आतून कुणी टेकून बसलंय असं नव्हे. शंभर ठिकाणी टाके घातलेली शिवण उसवावी तसं, मऊ मऊ तुटत उघडलं.

खोलीत खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येत होती. ती पट्टी पलंगावर पडली होती. धाकटी निजवली होती तशीच, उताणी, हात पोटावर, चेहरा समाधानी. चादरीवर एकही सुरकुती नव्हती. थोरलीला आधी तेच विचित्र वाटलं. माणूस निजलं की चादर दबते. ही दबली नव्हती.

मग तिने टाचांकडे पाहिलं. टाच आणि गादी यांच्यामधून तो उजेड आरपार पलीकडच्या भिंतीवर पडला होता.

थोरलीने पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. मग तिने दोन्ही हात पसरून स्वतःला बहिणीच्या अंगावर झोकून दिलं आणि त्या दोघी मिळून गादीवर आदळल्या.

८

धाकटी रडतच जागी झाली. थोरलीने तिला दंडाला धरून उभं केलं, गालावर चापट्या मारल्या, खोलीत फरफटत फिरवलं, आणि सगळा वेळ ती म्हणत होती, "चुकले गं, चुकले, चाल, चाल, माझ्या सोन्या, चाल." गोळीने धाकटीचे पाय कापसाचे झाले होते, पण ते पडत होते, एकापुढे एक. दोघी तशाच दिवाणखान्यात गेल्या आणि दोन्ही बाजूंनी बाबांना उचललं. ते सहज उचलले गेले. त्यांचे गुडघे वाजत राहिले, वाजत राहिले, आणि थोरलीने कशाकडेही बघायचं नाही असं ठरवलं होतं ते पाळलं.

"अरे, काय चाललंय?" बाबा झोपेत म्हणाले. "आग लागली का?"

"हो बाबा. चला बाहेर."

बाहेर वारा पडला होता. झाडाचं एक पान हलत नव्हतं. केंद्राच्या जीपवाल्याला तिने चालता चालता फोन लावला. त्याचा आवाज तुटक येत होता. रस्त्यावर मोठं झाड आडवं झालंय, ताई. विजेच्या तारा घेऊन पडलंय. सगळीकडचीच वीज गेलीये. करवतवाले सकाळी येतील. काय झालं, कुणी आजारी आहे का? थोरली म्हणाली, शेजारच्या घरांत कुणी असेल तर पाठव. जीपवाला म्हणाला, सुट्टी आहे ना ताई, सगळे कालच गेले की.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान होतं. म्हणून ते अंगणातच राहिले. अंगणाच्या मध्ये पाण्याची टाकी होती. तिघे तिच्याभोवती फिरू लागले. एका बाजूला थोरली, एका बाजूला धाकटी, मधे काठी टेकत बाबा. रस्ता माहीत असल्यासारखी धाकटी दर पावलाला किंचित आत वळत होती. फक्त सपाता वाजत होत्या, तिघांच्या तीन तऱ्हांनी.

"आता लवकर येतं," धाकटी हळूच म्हणाली. "आधी रात्रभर लागायचं. आता श्वास घेईपर्यंत येतं."

"बोलू नकोस. चाल."

आपल्या मुली वेड्या झाल्यात असं बाबांना वाटलं असेल, किंवा वाटलं नसेल. त्यांची काठी आधी दर पावलाला पडत होती, मग पाऊल सोडून पडू लागली. त्यांचा सगळा भार थोरलीच्या दंडावर आला. इतका, की तिच्या खांद्यातून कळ निघाली. त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती.

"जरा टेकू का गं?"

"अजून थोडं, बाबा."

"मगाशी पण हेच म्हणालीस."

"सकाळी जीप येईल."

"सकाळी होय," बाबा म्हणाले, आणि आकाशाकडे पाहिलं. आकाशात अजून उजेड होता. "बरं. नुसता उभा राहतो. टेकत नाही. दम घेऊ दे एवढा."

आणि ते उभे राहिले. थोरलीने ओढलं, धाकटीने ओढलं. म्हाताऱ्या माणसाला किती ओढणार? दंड निखळेल म्हणून थोरलीचा हात क्षणभर सैल पडला. बाबांनी दोन श्वास घेतले. फक्त दोन. मग ते स्वतःहून निघाले, आणि थोरलीने सुटकेचा निश्वास टाकला.

ते खरंच बरे चालत होते. काठी त्यांनी सोडून दिली होती. तिच्या दंडावरचा भार हलका झाला, आणखी हलका झाला. तिच्या खांद्यातली कळ थांबली.

"आता बरं वाटतंय," बाबा शेजारून म्हणाले. त्यांचा आवाज किंचित वरून आल्यासारखा वाटला. "आता काहीच दुखत नाहीये बघ."

थोरली समोर बघत चालत राहिली. धाकटीही समोरच बघत होती. चटचट, चटचट. थोरलीने कान देऊन ऐकलं, आणि मग आणखी एक फेरी पुरी होईपर्यंत ऐकलं. सपाता दोघींच्याच वाजत होत्या.